धार

वाकसाला धार लावायला मला एक दगड पुरतो,
थोडं पाणी, आणि मनगटातली जुनी सवय.
कॅरियाकूच्या या वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर
पन्नास वर्षं सीडरच्या होड्या उभ्या करतोय.
आराखडा कागदावर कधीच नसतो,
सगळा डोळ्यात.

पण दुसरी धार?
ती गेली, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

रात्री एकदा उठायचो. मग दोनदा.
मग चारदा, आणि दर वेळी
अंधारात भिंतीला हात टेकून उभा;
आत समुद्राएवढी घाई
आणि बाहेर थेंब, थेंब,
मध्येच विसरल्यासारखं थांबणं, पुन्हा थेंब.
युफेमिया कूस न बदलता विचारायची,
"ऑसबर्ट, भरती की ओहोटी?"
मी म्हणायचो, "झोप."

बदामाखाली डॉमिनोचा डाव रंगला
की मी अर्ध्यावर उठायचो.
लिव्हिंगस्टन आधीच गेलेला असायचा,
क्लॅरिसन नुकताच पट्टा आवळत परतत असायचा.
तिघंही एकाच झुडपाआड जाऊन येत होतो
आणि शिव्या घालत होतो रमला.

माझे वडील गेले ते कंबरेच्या दुखण्यानं.
घरात तेवढाच शब्द होता.
एकट्यानं ओंडका खांद्यावर घेणारा माणूस,
शेवटी चादर बदलतानाही ओरडायचा.
हाडांपर्यंत पोचलं होतं ते काय, कुठून निघालं होतं,
कुणी विचारलं नाही, त्यांनीही नाही.
दुखणं अंगावर काढायचं,
आमच्याकडं यालाच पुरुष म्हणायचे.

होडी मात्र आम्ही दर वर्षी वर ओढतो.
लाकडी रुळांवरून, वीस माणसं, एक हाक.
कुशीवर कलती करतो, शिंपले खरवडतो,
मग मी अंगठ्यानं फळी न् फळी दाबत जातो.
वरून रंग ठणठणीत, आत भुसा झालेला:
डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं.
हे पोरांना मीच शिकवलं.

शेवटी युफेमियानंच तिकीट काढलं.
सेंट जॉर्जेसची फेरी. खिडकी सोडून
मी संडासाच्या दाराजवळची जागा धरली.
तिथं माझ्याच वयाचे आणखी चौघं बसलेले,
चौघंही समुद्र बघतोय असं दाखवणारे.

डॉक्टर माझ्या मुलीहून लहान.
रक्त घेऊन झालं होतं. आता हातमोजा.
"काका, कुशीवर वळा. गुडघे पोटाशी."
कललो. वाळूवर ओढलेल्या जुन्या होडीसारखा.
अर्धं मिनिट.
लाज नीट वाटायच्या आतच संपलं.

"जायफळाएवढी असते," ती म्हणाली,
"तुमची झालीय लिंबाएवढी. ते वयाचं, गोळी देते.
पण एका बाजूला कडक लागतंय जरा.
ते नुसत्या बोटावर सोडायचं नाही."
मी विचारलं, "फळी बदलावी लागेल?"
तिला कळलं नाही. मग कळलं असावं.
"आधी बघू तरी. बरं, तुम्हाला मुलगा आहे?"

आहे. हडर्सफील्डला बस चालवतो. चव्वेचाळीसचा.
रविवारी फोनवर आम्ही क्रिकेट बोलतो, हवा बोलतो.
या रविवारी मी त्याच्या आजोबांच्या कंबरेपासून सुरुवात केली
आणि माझ्या रात्रींपर्यंत आलो.
पलीकडे काहीच नाही. वाटलं, लाइन गेली.
मग लहानपणी काही मोडलं की बोलायचा
तेवढ्याच आवाजात:
"पप्पा, मी पण दोनदा उठतो."

पुढच्या तपासणीचा निकाल मंगळवारी.
नवी होडी सांगाड्यावर आहे, फळ्या अर्ध्याच बसल्यात.
मी दगडावर पाणी शिंपडलं, वाकस घेतला.
क्लॅरिसन आला, उभा राहिला.
लाकडाबद्दल काही बोलला, वाऱ्याबद्दल काही.
मग मागं वळून बघत,
"ती फेरी... सकाळी कितीला सुटते?"