टेबलाखालचा पिवळा

मडगावच्या दुकानात
उल्हासने तुकडा उचलला, नखाने ओरखडला,
म्हणाला, हे तर सरकारी इस्पितळातलं प्लास्टिक.
दुकानदार वाद घालत बसला नाही.
त्याने तुकडा वाकवून माझ्या नाकाशी धरला.

जवस.
वणीला, लोखंडी कढईत तडतडणारं,
मग खलबत्त्यात, मग भाकरीवर,
वरून कच्चं तेल.
इकडे याला अळशी म्हणतात,
पण सत्तावीस वर्षांत कुणी ताटात वाढली नाही मला.

बघू, म्हणत उल्हासनेही हुंगलं.
हा तर बॅटचा वास.
तन्वेशच्या बॅटला चोळायचो ना आपण,
बाल्कनीत, चिंधीने.

तेल, राळ, बुचाचा भुगा, लाकडाची भुकटी, चुनखडी,
पाठीला तागाचं कापड, काजूच्या पोत्यासारखं खरखरीत.
मला एवढं पुरे होतं.
त्याला भाव विचारायचा होता. त्याने विचारला
आणि स्टुलावर बसला.

रंगावरून आठवडा गेला.
त्याला पांढरा हवा, पाहुणे येतात म्हणून.
पाहुणे येतात चवथीला, दीड दिवस, मी म्हटलं,
उरलेलं वर्ष मी उभी असते त्यावर.
शेवटी राखाडी ठरला,
ओहोटीला खाजणाचा चिखल दिसतो तसा.

काएतान कुडचड्याहून स्कूटरवर आला.
जुन्या मोझेइकवर त्याने पातळ थर ओतला, सुकू दिला,
मग चार कोपऱ्यांत प्लास्टिकचे चौकोन
चिकटपट्टीने डकवून गेला.
दुसऱ्या दिवशी आतून घाम.
‘अजून वल आसा, बाय.’
तळमजला, कुर्टीची माती.
तो तीनदा आला, तीनदा तेच बोलला,
चहा घेऊन गेला.

तोवर गुंडाळी हॉलमध्ये उभी होती,
घरच्या हवेची सवय व्हायला.
आम्ही तिला वळसा घालून जेवायला जायचो.
रात्री पाणी प्यायला उठले की
वाटायचं, कुणी तरी आलंय, बसा म्हणायला हवं.

चौथ्या खेपेला चौकोन कोरडे निघाले.
मग दातेरी थापीने गोंद,
चोचीच्या सुरीने भिंतीचा प्रत्येक वाकडेपणा,
आणि शेवटी दोन सिलिंडरांच्या वजनाचा रोलर,
तो ओढताना काएतान श्वास मोजत होता.

पसरल्यावर फरशी पिवळी निघाली.
हळदीचा हात लागल्यासारखी, सगळीकडे.
फसवलं, उल्हास म्हणाला, फोन शोधायला लागला.
काएतानने नुसत्या खिडक्या उघडल्या.
‘उजवाड खावं दी ताका.’
अंधारात ठेवलं की हे पिवळं होतं,
उजेडात आपल्या रंगावर येतं, एवढंच.
अकरा दिवसांनी खाजण आलं.

मग सगळं सामान जागच्या जागी.
तन्वेशचं टेबलसुद्धा, खिडकीशी,
दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत कप्पे असलेलं,
तो लिस्बनला गेल्यापासून इस्त्रीच्या कपड्यांचं.

डिसेंबरात उल्हासच्या पुतणीने ते नेलं, डिचोलीला.
तिची दहावी आहे. बरंच झालं.
टेम्पो गेल्यावर झाडू घेऊन आले
तर खाली पिवळा,
चार फूट बाय दोन, कडा आखलेल्या.

झाडला नाही.
पडदा ओढून घेतला.

सकाळी उल्हास पडदा उघडतो,
तुळशीला ऊन हवं म्हणतो. तुळस अंगणात आहे.
दुपारी मी ओढते.
संध्याकाळी तो परत उघडतो.
याबद्दल आम्ही बोललेलो नाही.

काल पाहिलं,
खिडकीकडची कड गेली आहे.
भिंतीकडे अजून आहे थोडा.