पदेराच्या वहीत

पदेराच्या उधारीची वही मी उलटी धरली,
मागच्या पानापासून तुझा हिशेब सुरू केला.
पुढून मिंगेलचे पाव: दोन पोयी, चार उंडे.
मागून तू.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जेवणानंतर, डाव्या कुशीवर,
दोन तासांत दहा.
मी चार उभ्या रेघा ओढते, पाचवी आडवी,
पाडेली नारळ मोजताना भिंतीवर ओढतो तशी.
उचकी धरायची की नाही,
विचारायचं राहूनच गेलं.

तुला घरात अजून सगळे ‘ते’ म्हणतात.
ते सकाळी भोंगा ऐकतं,
सायकल वळणावर असतानाच
आतून एक ढुशी,
जणू पाव तुलाच घ्यायचे आहेत.

बुधवारी भोंगा वाजला.
मिंगेल फाटकापाशी थांबला, पाव देऊन गेला.
तू नाही.

गूळ खाल्ला. माठातलं पाणी प्यायले. कूस बदलली.
बांधाकडची मानस भरती आली की
आपलं दार आपणच मिटून घेते,
तसं पोट. गच्च आणि गप्प.
तासाभरात एक रेघ,
तीही बहुधा वायूची.

श्रीपाद वेर्ण्याला, रात्रपाळी सुटायची होती,
फोन लॉकरमध्ये वाजत राहिला असणार.
शेजारची लिबेराता म्हणाली,
आठव्यात पोरं निजतात गो, भिऊ नको,
आणि म्हणता म्हणताच चपला घालत होती.

फेरीबोटीत सगळंच हलतं.
रेलिंग, पायाखालचं लोखंड, कोळणीच्या पाटीतले बांगडे,
मोटरसायकलींचे आरसे, त्यांतलं दिवाडीचं हिरवं.
हात पोटावर. हे तुझं? की इंजिनाचं?
एकोणीस दिवस मोजणारी मी
मांडवीच्या मधोमध
आकडा विसरले.

मग धक्का जवळ आला, इंजिन पडलं,
बोट नुसती पाण्यावर सरकत राहिली.
तेव्हा बरगडीखालून काहीतरी गेलं,
सावकाश, कोपर असावं,
झोपेत पांघरूण ओढावं तसं.

“आता घरी?” लिबेराता.
“नाही. बांबोळीला. आलोच आहोत तर.”

तिथे पोटाला पट्टे बांधले.
यंत्रातून तू धावत होतंस,
चिखलाच्या शेतातून अनवाणी.
सिस्टर कागद फाडत म्हणाली,
बरं केलंस आलीस.
उद्या परत तसं वाटलं तर उद्याही ये,
लाजू नको.
मी लाजतच होते, तिला कसं कळलं कोण जाणे.

महिनाअखेरीस मिंगेलनं वही मागितली.
चुकून मागून उघडली.
रेघा बघितल्या, ओठ हलवत थोड्या मोजल्याही.
“हे कोणाचं येणं, बाय?”
मी पोटावर हात ठेवला.
त्यानं वही मिटली, टोपलीतून उंडा काढला, अजून ऊन,
आणि तो लिहिला नाही.

भोंगा पुढच्या वाड्यावर गेला.
तीन.
थांब, ही उचकी.
तीनच.