बैलगाडीच्या रकान्यात

चार रस्ते, प्रत्येकाला तीन वाटा:
डावीकडे, उजवीकडे, सरळ.
म्हणजे बारा.
ढोबळे सरांनी फॉर्म दिला तेव्हा
बारा बाण छापलेलेच होते त्यावर,
खाली रकाने.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाला एक गठ्ठा.
"अगदी काटेकोर नको," सर म्हणाले, "अंदाज आला पाहिजे."
आडनावाला जागले.

डिप्लोमाचं दुसरं वर्ष. तीनशे रुपये पाळी,
चहा आपला आपण.
चांदणी चौकात, जुन्या पुलाच्या कठड्याशी
प्लॅस्टिकची खुर्ची, टॉर्च,
नाकाला रुमाल.
नवा चौक आखायचा तर आधी जुना मोजायला हवा, असं म्हणत.

मुळशीकडून कोथरूड, हा माझा बाण.
रात्री दहा ते सकाळी सहा.
खडीचे डंपर, पिरंगुटच्या कंपन्यांच्या बसेस,
हिंजवडीला निघालेली, आत कुणीच नसलेली कॅब,
एकदा बँडवाल्यांचा टेंपो,
मागे एक म्हातारा
गळ्यातला पितळी भोंगा न काढताच झोपलेला.

प्रत्येकाचा भाव ठरलेला.
मोटार एक. ट्रक तीन.
सायकल अर्धी.
आणि बैलगाडी आठ,
कारण ती मागच्या सगळ्यांना थांबवते.
एकही आली नाही,
तरी तो रकाना पाहिला की बरं वाटायचं.

पावणेसहाला ती यायची.
सगुणा मारणे. हॉस्पिटलात आया.
भूगावहून वडापनं येऊन इथं उतरायची,
दुभाजक जिथं फुटलाय तिथून बावधनच्या अंगाला.
एका हातात डबा,
दुसरा हात ट्रककडे केलेला,
घरातल्याच कुणाला सांगावं तसा: थांब रे, आले.
आणि थांबायचा तो.
ब्रेकचा फुस्स आवाज,
त्यामागे दुसरा, तिसरा, पार वळणापर्यंत.

तिसऱ्या पहाटे तिनं विचारलं,
"काय मोजतोस?"
"गाड्या."
"मग मला कशात धरलंस?"

फॉर्म पुढून पाहिला, मागून पाहिला.
मग बैलगाडीच्या रकान्यात
एक रेघ मारली.
त्यानंतर रोज एक.

ढोबळे सरांनी लाल पेनानं खोडल्या.
"बैलगाडी? इथं? झोपला होतास का रे?"

पुढं पूल पाडला. मी तेव्हा चाकणला,
कँटीनमध्ये मोबाईलवर पाहिलं.
सुरुंग लावले, धूळ उडाली,
धूळ बसली तर पूल अजून थोडा उभाच.
पुण्याचा पूल,
एका सांगण्यात ऐकेल कशाला?
पोकलेन आणून समजूत काढावी लागली.

आता हप्त्यावरची गाडी आहे माझी.
परवा पौडहून परतताना
माझ्याच बाणावरून निघालो
आणि पाटी वाचून होईतो फाटा मागं गेला.
थेट वारज्याच्या तोंडाशी.
नीलांबरी म्हणाली, "तूच ना रे मोजला होतास हा रस्ता?"

वळून पुन्हा आलो.
गाड्या थांबत नाहीत आता. खोटं कशाला बोलू,
पूर्वी अर्धा तास जायचा इथं.
रॅम्पवरून रॅम्प, खाली बोगदा,
कागदावर कुणी तरी सुंदर हातानं काढलं असणार हे.

वळणाच्या पोटात हिरवळ लावलीय.
तिच्यातून या कडेची त्या कडेला
एक पायवाट गेलीय. सरळ. गवत झिजून माती उघडी.
वरच्या रेलिंगचा एक गज वाकवलाय,
अंगापुरता. डब्यापुरता.

शाळेत भूमितीच्या तासाला
वर्तुळाला आतून कापत जाणाऱ्या रेघेला
जीवा म्हणायचे.
पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते.

मी गाडी हळू केली.
मागून हॉर्न: ट्रक, भाव तीन.
काचेतून हात बाहेर काढला, त्याच्याकडे केला.
थांबला नाही.