समुद्रसपाटीपासून

एकतीस वर्षं मी स्टेशनांच्या पाट्या रंगवल्या.
रतलाम विभाग. पिवळ्यावर काळं.
वर गावाचं नाव, खाली बारीक अक्षरांत
समुद्रसपाटीपासूनची उंची.
पातालपानी, कालाकुंड, चोरल,
प्रत्येकाचा आकडा कार्यालयातून कागदावर यायचा.
कुठला समुद्र, ते कागदावर नसायचं.
मीही विचारलं नाही. पाहिलेला नव्हता.

आता क्षिप्रा रात्री साडेअकराला फोन करते.
तिच्याकडे आठ, अजून उजेड,
मागे खिडकीत कालवा, कालव्यात बदकं.
"बाबा, आमचा रस्ता समुद्राच्या खाली आहे,
उणे पाच मीटर."
मी म्हणतो, उण्याची पाटी मी कधी केली नाही.

लग्न मात्र ना तिच्याकडे, ना इंदूरला.
कर्द्याला, वाळूत, फेब्रुवारीत,
जिथे तिचं कुणी नाही, माझं कुणी नाही,
आमच्याकडून थेट गाडीही नाही.
एक तक्ता आहे, त्यात आम्ही ओळीनं बसलोय:
मी चौदा, कुमुद पंधरा,
यॉस्टचे आईवडील तीस-एकतीस, मासे चालतील.
मल्हारगंजातले मुळ्ये अजून पिवळे,
म्हणजे येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.
सहासष्टच्या वर आकडा जायचा नाही.
सहासष्ट तर आमच्या गल्लीतच होतात, भिया,
मुळ्यांचे जावई न धरता.

गुरुजींनी गोरज काढून दिला.
गायी नाहीत तिथे, धूळ नाही,
सहा वाजून बेचाळीस मिनिटं.
क्षिप्रानं तो भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहिला
आणि फोनवर गप्प झाली.
त्या वेळी पाणी मांडवात असणार होतं.
मग तिथी बदलली.
गुरुजी काही बोलले नाहीत,
चहा मात्र अर्धा ठेवून उठले.
कुमुद विचारते, सीमान्तपूजन कुठं?
शीव कुठली धरायची,
ती तर दर सहा तासांनी हलते.
क्षिप्रानं तक्त्यात नवी ओळ काढली.
तिला अजून रंग दिलेला नाही.

रात्री मी नकाशा उघडून बसतो.
जिच्यावरून मुलीचं नाव ठेवलं ती नदी
उत्तरेला जाते, चंबळेला मिळते,
फिरत फिरत पूर्वेच्या समुद्रात.
इकडच्याशी तिचा संबंध नाही.
आमचा असलाच तर नळातून:
नर्मदा बिचारी तिकडेच निघालेली असते,
आम्ही तिला जलूदला गाठून
चढावर चढवून
एक दिवसाआड बादलीत भरतो.
म्हणजे त्या समुद्राचं थोडं पाणी
आम्ही देणं लागतो.

परवा तिनं तीन निळे पाठवले, पत्रिकेसाठी.
मी म्हटलं, पहिला मालडब्याचा, दुसरा पहिल्या वर्गाचा.
ती हसली. खूप हसली.
मग म्हणाली, बाबा, वाळूवर एक पाटी लागते,
आमच्या नावांची. अठरा हजार मागतायत.
तुम्ही कराल?

माळ्यावरून ब्रश काढले. केस ताठ.
दोन दिवस टर्पेंटाइनमध्ये ठेवले.
फळी तिच्याच लहानपणच्या पलंगाची.
पिवळ्याचे दोन हात.
क्षिप्रा आणि यॉस्ट.
जोडाक्षरं दोन्हीकडे, सारख्याच वजनाची,
हात तेवढा थोडा कापला आणिच्या वेलांटीला.
खाली, सवयीनं, बारीक:
समुद्रसपाटीपासून उंची
आणि पुढची जागा कोरी.
हा आकडा कार्यालयातून यायचा नाही.
तिथे जाऊन, पाणी बघून लिहीन.

कुमुद पेटी भरतेय. हळकुंडं, अक्षता, मुंडावळ्या,
यॉस्टच्या आईला शिवलेली नऊवारी.
"काळ्या रंगाचा डबा? लग्नाच्या सामानात?"
पिवळ्यावर दुसरं काय दिसतं, मी म्हणतो.
ती पाटीकडे बघते, मग माझ्या नखांकडे,
आणि डबा जुन्या टॉवेलात गुंडाळून
हळदीला खेटूनच ठेवते,
झाकण वर येईल असा.