बावीसचा काटा

टोलीडोच्या बर्फात लोरेटाने घेतली ती,
एक लाख चौदा हजार मैल पळालेली.
विकणारा म्हणाला, लोण्यासारखी चालते.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
ती अडखळते,
ओळखीच्या माणसाचं नाव विसरल्यासारखी.
मग हिसका. कॉफी मांडीवर.

वेन्डेल तेलात बुडवलेलं बोट हुंगतो:
"जळकट. नवा गिअरबॉक्स गाडीपेक्षा महाग.
रिव्हर्स पडतोय तोवर आपली म्हण."

तेव्हापासून काटा बावीसवर आला की
लोरेटा पाय जरासा उचलते,
पुटपुटते, चल गं बाई.
आणि जाते ती.
रात्रपाळीला, पहाटे परत,
पाच हिवाळे.

परवा बहिणीच्या मयताला
भाड्याची कोरी गाडी.
बावीसला पाय आपोआप उचलला गेला,
ओठ हलले.

गाडीला कशाचं काही कळलं नाही.
सरळ गेली.