कानाची घडी

फातिमानगर, तिसरा मजला.
मांजरांची वंशावळ सिल्लूबाई
बंद पडलेल्या बेकरीच्या बिलबुकात लिहितात:
आई, आजी, पणजी,
आणि सगळ्यांच्या मागे
स्कॉटलंडातल्या कुठल्याशा शेतावरची ती पांढरी,
जिचे कान कुणी न मुडपता मुडपलेले.

गोल तोंड, गोल डोळे,
घुबडानं उसना नेलेला चेहरा
परत केल्यासारखा.

तीन आठवडे सगळी पिल्लं सरळ कानांची.
मग एका सकाळी एखाद्याचा कान पडतो
आणि भाव चढतो.
उरलेली घोरपडीचा रिक्षावाला मोहसीन
फुकट नेतो, खुशीत.

घडीला घडी जुळवायची नाही:
बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर लाल शाईत.
एकदा जुळवली होती.

ती झरीन.
फ्रीजवर झोपायची,
आता पायपुसण्याची कड ओलांडताना थांबते.
शेपूट वेताच्या छडीसारखं ताठ.
कान वाकवणारं जे काही असतं
ते कानाशी थांबत नाही,
डॉक्टर हात धुता धुता म्हणाले.

गिऱ्हाईक आलं की पूर्वी
झरीन आतल्या खोलीत जायची.
आता सिल्लूबाई तिला मांडीवर घेऊनच बसतात.
"आधी हिचे पाय चाचपून बघा.
पैशाचं मग बोलू."

या महिन्यात दोघं
चहा अर्धा टाकून गेले.