चौथा कोपरा

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज यायची दिवसाला दोन तास,
तीही न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी.
एतेरीबाईंनी बंद शेगडीची तार उपसली,
टोकाला मोहरीएवढी कडी वळवली
आणि म्हणाल्या, "हिचं नशीब बघ.
वीज गेली, तरी लाल व्हायचं काही सुटलं नाही."

स्पिरिट संपलेलं. ओतारच्या आजोबांनी
द्राक्षांच्या घरच्या दारूची बाटली आणून दिली.
ज्योत निळी,
प्रयोगशाळेला लग्नघराचा वास.

"तार जाळ. थांब. आगरच्या कडेला टेकव.
चुर्र वाजलं तर घाई केलीस.
आता पोराच्या नमुन्यातला एक थेंब,
पहिल्या कोपऱ्यात दाट रेघा, सारवल्यासारख्या.
पुन्हा जाळ.
ताटली फिरव, जुन्या रेघांना दोनदाच शिवून पुढे ये.
पुन्हा जाळ.
झाकण एवढंच उचल, शिंपला तोंड उघडतो तेवढं.
आणि वरून बोलू नकोस,
तुझ्या तोंडात अख्खं गाव आहे."

मी दोन ताटल्यांचं आगर फाडलं.
त्या ओरडल्या नाहीत, फक्त उरलेल्या ताटल्या मोजल्या.
सहा.
"हात हलका. साय न मोडता
दुधावरून बोट फिरवावं तसा."

उबवणपेटीतला पारा नऊवर.
म्हणून ताटल्या लोकरी शालीत गुंडाळून
मी पोटाला बांधल्या, पालथ्या,
झाकणावरचं दंव रेघांवर गळू नये म्हणून,
आणि वरून नवऱ्याचा कोट.
पावाच्या रांगेत पुढची बाई वळून म्हणाली,
"कितवा महिना?"
मी म्हणाले, "अठरावा तास."

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी शाल सोडली.
पहिल्या कोपऱ्यात नुसतं धुकं.
दुसऱ्यात रेटारेटी.
तिसऱ्यात विस्कटलेले मणी.
चौथ्यात, शेवटच्या रेघेच्या शेपटाला,
एक.
टाचणीच्या डोक्याएवढी, करडी, ओलसर, गोल.
काल रात्री माझ्या अंगाच्या उबेत
तिथं एकच जीव उतरला होता.
बाकी सगळा त्याचाच गोतावळा.
एतेरीबाई भिंगातून बघत राहिल्या.
"हिला विचारता येतं," म्हणाल्या,
"गर्दीला काय विचारणार?"

औषधाच्या चकत्या दोनच उरल्या होत्या.
एकीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं.
ओतार सहाव्या दिवशी उठून बसला, मीठ मागू लागला.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं नाव सालोमे.
तिच्या ताटलीचे चारही कोपरे भरले होते,
कुठेच एकटं कुणी नाही.
दुसऱ्या आणि तिसऱ्या कोपऱ्याच्या मध्ये
मी तार जाळायची विसरले होते.
पुन्हा नमुना घ्यायला गेले तेव्हा
खाटेवरची चादर बदललेली होती.

आता कड्या प्लास्टिकच्या येतात,
निर्जंतुक, पाकिटबंद, एका रेघेला एक.
पोरी भराभर वापरतात, फेकतात, हसतात.
माझा हात मात्र दर वळणावर
उजवीकडे जातो,
जिथे दिवा नसतो.